उन्हाळ्यात थंडी वाजली त्या वर्षी

त्या वर्षी एप्रिल महिन्यात मी स्वेटर घालून शाळेत गेले. सोलापूरचा एप्रिल ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातलं नवल वेगळं सांगायला नको. सकाळची शाळा सुरू झाली होती, आणि ती सुटायच्या वेळेला रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायला लागायचं. शिक्षकांच्या खोलीत एकच पंखा होता. त्याच्या खालच्या खुर्चीवरून आम्हा बायकांची रोज लटकी भांडणं व्हायची. त्या दिवशी कुणीतरी ती खुर्ची आपणहून माझ्यापुढे सरकवली, तर मी म्हणाले, "नको, मला वारं सोसत नाही. जरा पंखा बंद करता का?"

खोलीत एकच हशा पिकला. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. मीही हसायला हवं होतं. पण मला हसू यायलाच उशीर झाला. ते आलं तोवर बायका लग्नसराईच्या साड्यांवर पोचल्या होत्या.

मी मुळात अशी नव्हते. माझं माहेर अक्कलकोटच्या बाजूचं. घरात कन्नड, शाळेत मराठी, आणि दोन्ही भाषा मी इतक्या भरभर बोलायची की आमचे अप्पा म्हणायचे, हिच्या तोंडाला कुणीतरी लगाम घाला. चालणं त्याहून भरभर. मला बघायला आले तेव्हा माझ्या होणाऱ्या सासूबाई माझ्याकडे बघून आपल्या मुलाला म्हणाल्या, "ही पोरगी चालत न्हाई, पळती. आपल्या जिन्यावरनं पडंल की रं." आणि तेवढ्यावरच त्यांनी मला पसंत केलं.

तो जिना भवानी पेठेतल्या आमच्या घराचा. खाली यजमानांचं दुकान होतं. यंत्रमागाचं सुटं सामान, म्हणजे धोटे, फण्या, चामड्याचे पट्टे, असं सगळं ते विकायचे. वर दोन खोल्या आणि पुढे एक अरुंद गॅलरी. आजूबाजूला मागांचा खडखडाट दिवसभर चालायचा. लग्नानंतर पहिले काही दिवस माझं डोकं उठलं, नंतर तो आवाज कानांना कळेनासा झाला. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि पुढे आमची लेक. सासूबाईंना सगळे 'अव्वा' म्हणायचे, मीही तेच म्हणू लागले. त्या मला मायेनं 'यव्वा' अशी हाक मारायच्या. कन्नडात लेकीलाही अशी आई म्हणून हाक मारतात.

मुलींच्या एका हायस्कुलात मी शास्त्र शिकवायचे, आणि नववीला शरीरशास्त्र. त्यासाठी कापडावर चिकटवलेले मोठे तक्ते होते, एकेका संस्थेचा एकेक. अस्थिसंस्था, पचनसंस्था, रुधिराभिसरण, श्वसन, मज्जासंस्था. एक शिकवून झाली की तक्ता गुंडाळायचा, कपाटात ठेवायचा आणि दुसरा काढायचा. ग्रंथींचा धडा अगदी शेवटी यायचा. तोवर परीक्षा डोक्यावर आलेली असायची. "तेवढं घरी वाचून या गं," म्हणून मी तो दरवर्षी उरकायची.

लेक वर्षाची झाली त्याच्या आसपास माझं बिघडायला सुरुवात झाली असावी. 'असावी' म्हणते, कारण अमुक दिवशी सुरू झालं असं त्यात काहीच नव्हतं. आधी नुसता थकवा होता. शाळा, लहान मूल, घर. थकवा कुणाला येत नाही? मग बांगड्या हातात रुतायला लागल्या. बाळंतपणानंतर अंग भरतंच, असं सगळ्या म्हणाल्या. केस मूठमूठ गळायला लागले. ते सोलापूरच्या जड पाण्यानं. पोट साफ होईना, कारण भाज्या कमी खाते. आवाज घोगरा झाला, कारण खडूची धूळ. शब्द आठवेनात, कारण लेक धड झोपू देत नाही. पाळी आली की पाठ टेकल्याशिवाय उभी राहू शकत नव्हते, पण ते तर बायकांच्या जातीलाच. प्रत्येक गोष्टीला तिचं तिचं वेगळं कारण होतं आणि प्रत्येक कारण मनाला पटत होतं. मी त्यांना एकमेकांशेजारी ठेवून कधी बघितलंच नाही.

एकदा तर वर्गात मला 'यकृत' हा शब्द आठवेना. तक्त्यावर छडी टेकवून मी उभी. समोर सगळा वर्ग बघतोय, आणि माझ्या डोक्यात त्या जागी नुसतं पांढरं. शेवटी पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हळूच सांगितलं. बिचारीला वाटलं, बाई आम्हाला विचारताहेत.

फेब्रुवारीत नाडीचा तास झाला. अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवून नाडी कशी मोजायची ते मी दाखवलं. मुलींनी एकमेकींच्या मोजल्या, सगळा वर्ग चिवचिवत होता. मग एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमची मोजू?" मी हात पुढे केला. मी घड्याळ बघत होते, ती ओठ हलवत मोजत होती. झाल्यावर तिनं बोटं सरकवून पुन्हा चाचपलं.

"काय झालं गं?"

"बाई, माझं चुकतंय. मधले ठोके सापडतच नाहीत."

तिनं पुन्हा मोजली, पुन्हा तेच. माझी नाडी तिच्या नाडीच्या निम्म्यावर होती. ती रडकुंडीला आली. मी तिची समजूत घातली, "अगं, तू बरोबर मोजलंस. पैलवानांची, पळणाऱ्यांची नाडी अशीच सावकाश असते. बाई लहानपणी फार पळायच्या ना!" वर्ग हसला. माझा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला. हृदय नीट शिकवलं याचंच मला समाधान.

घरी अव्वांनी काहीही न बोलता एकेक काम माझ्या हातून काढून घेतलं होतं. आधी भाकरी. मी थापायला बसले की एका भाकरीचा आवाज संपून दुसरीचा सुरू व्हायला एवढा वेळ लागायचा की तवा धुरावून जायचा. एक दिवस त्या आल्या आणि म्हणाल्या, "सर जरा. मला हाताला काम न्हाई, मला करमत न्हाई." पुढे पाणी भरणं गेलं. मग लेकीची आंघोळ. शाळेतून आले की मी चपला न काढताच भिंतीला टेकून झोपून जायची. जाग यायची तेव्हा चपला पायांत नसायच्या आणि अंगावर चादर असायची.

गल्लीतल्या बायका गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. शिकलेली सून, पगार आणती, म्हातारीला राबवती, असं बोलणं माझ्याही कानावर यायचं. एकदा गॅलरीखालीच हे चाललं होतं. अव्वा वरून वाकल्या आणि म्हणाल्या, "माजी सून दमलीया. तुमच्या घरात कोन दमत न्हाई व्हय?" आणि आत आल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाईट वाटणंसुद्धा लांबून कुठूनतरी आल्यासारखं यायचं.

यजमानांचं वेगळंच होत होतं. ते दुकानातल्या गमती फार छान सांगायचे. गिऱ्हाइकांच्या नकला करायचे, आणि मी हसून हसून खाली बसायची. आमच्या संसारातलं मोठं सुख म्हटलं तर तेच. एका रविवारी दुपारी जेवताना त्यांनी एक लांबलचक गोष्ट सांगितली. मापाची फणी हवी म्हणून एक माणूस घरून दोरी मोजून घेऊन निघाला आणि वाटेत त्या दोरीनं शेळी बांधून आला, असं काहीतरी होतं. अव्वा हसल्या, लेकही उगाच हसली. माझा चेहरा तसाच. तोंडावर सूज होती, पापण्या जड होत्या. ते माझ्याकडे बघत राहिले. मग हात धुताना पाठमोरेच म्हणाले, "माझं काही चुकलंय का गं? हल्ली तू बोलत नाहीस, हसत नाहीस."

मला सांगायचं होतं, अहो, तुमचं काहीच नाही, मलाच माझ्यात काहीतरी झालंय, मी आत कुठंतरी खोल बसलेय आणि वर यायला मला वेळ लागतोय. एवढं वाक्य मी मनात जुळवत होते. तेवढ्यात खालून गिऱ्हाईक ओरडलं, "मालक!" आणि ते टॉवेल खांद्यावर टाकून जिना उतरून गेले. वाक्य माझ्याजवळच राहिलं.

तसं डॉक्टरांकडे गेलो नव्हतो असं नाही. पेठेतल्या डॉक्टरांनी पापणी ओढून बघितली, रक्त कमी आहे म्हणाले, लोहाचं टॉनिक दिलं. रक्त खरोखरच कमी होतं. अव्वांनी त्याला आपली जोड दिली. डिंकाचे लाडू केले, आठवड्यातून एकदा हुग्गी केली. गव्हाची गूळ घातलेली ती खीर मला जीव की प्राण. मी ती खात गेले, वजन वाढत गेलं, थकवा जागचा हलला नाही.

एप्रिलच्या शेवटाला लेकीला खोकला झाला. माझं बाळंतपण ज्या डॉक्टरबाईंनी केलं होतं त्यांच्याकडे आम्ही तिला घेऊन गेलो, मी आणि अव्वा. डॉक्टरबाईंनी तिची छाती तपासली, घसा बघितला आणि मला विचारलं, "कधीपासून आहे खोकला?" मी सांगायला लागले. परवापासून, आधी सर्दी होती, ताप नाही. त्या लिहीत होत्या. लिहिता लिहिता थांबल्या, पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे टक लावून बघत म्हणाल्या, "तुमचा आवाज असा कधीपासून झाला?"

"खडूची धूळ…" मी म्हणाले.

"मागं बाळंतपणाला आलात तेव्हा कळा येत असतानासुद्धा तुम्ही मला बोलू देत नव्हता. मला नीट आठवतंय. आता एका वाक्याला किती वेळ लागतोय तुम्हाला! आणि या दिवसांत अंगात स्वेटर?"

लेकीला अव्वांच्या मांडीवर देऊन त्यांनी मला तपासायला घेतलं. भुवया बघितल्या; बाहेरच्या टोकाचे केस विरळ झाले होते, ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं. कातडीवरून हात फिरवला. नाडी धरली आणि बराच वेळ सोडली नाही. मग मला खुर्चीवर गुडघे टेकून, भिंतीकडे तोंड करून बसायला सांगितलं. पावलं मागं लोंबकळत होती. टाचेच्या वरच्या शिरेवर त्यांनी रबरी हातोडीनं हलकेच टक् केलं. पाऊल झटकन मागं गेलं, आणि मग अगदी सावकाश, सावकाश जागेवर आलं. त्यांनी पुन्हा केलं, पुन्हा तसंच.

मागून अव्वांचा आवाज आला, "अगं बया, पाय म्हागारी यायला इसरला की!"

डॉक्टरबाईंना हसू आवरेना. "अगदी बरोबर बोललात, आजी," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला समोर बसवून सगळं सांगितलं. गळ्यात, कंठाच्या थोडी खाली, एक ग्रंथी असते. मी मनात म्हणाले, अवटू ग्रंथी, थायरॉइड. 'तेवढं घरी वाचून या'मधली. "तिचा रस रक्तातून सगळीकडे जातो. शरीरानं कुठलंही काम कोणत्या वेगानं करायचं हे तो ठरवतो. तुमच्या त्या ग्रंथीचं काम मंदावलंय. कधीकधी बाळंतपणानंतर होतं असं. रस कमी पडला की हृदय सावकाश, आतडी सावकाश, अंगात ऊब तयार होणं सावकाश, नवे केस, नवी कातडी येणं सावकाश, आठवणं आणि हसणंसुद्धा सावकाश. तुमचे बाकीचे अवयव धडधाकट आहेत. फक्त त्यांना निरोप पोचत नाही."

मी बराच वेळ बोलले नाही. त्यांना वाटलं असेल, आजारामुळं. पण मी एक गोष्ट विचारू की नको अशा घोळात होते. शेवटी विचारलं, "म्हणजे… मी आळशी झालेली नाही?"

"नाही हो," त्या इतक्या हळू आवाजात म्हणाल्या की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

अव्वा उसळल्या. "तसं कोन म्हनलं तुला? नाव सांग."

"कुणी नाही, अव्वा. मीच म्हणत होते."

रक्ताचा नमुना पुण्याला गेला. तिकडून डॉक्टरबाई म्हणाल्या तेच आलं. गोळी एवढीशी, पांढरी. सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी. सुरुवात तिच्याही अर्ध्यानं. "हृदयाला सावकाश चालायची सवय झालीय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्याला एकदम पळायला लावायचं नाही. आणि बाई, ही गोळी जन्मभर घ्यायची." अव्वांना खरं वाटेना. घरी येताना टांग्यात त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "केसाला, पोटाला, थंडीला, समद्याला मिळून येवडीच गोळी?" मग स्वतःच म्हणाल्या, "आसंल. चूल बारीक झाली की घरात समद्यांचंच उशिरा हुतंय."

गोळी सुरू झाली आणि आम्ही तिघंही माझ्याकडे बघत बसलो. काही दिवस काहीच झालं नाही. मग एक दिवस मी सारखी मोरीकडे जाऊ लागले. अंगातली सूज पाण्यावाटे निघून चालली होती. बोटात रुतलेली अंगठी भांडी घासताना सुळकन निघून राखेत पडली आणि ती शोधताना मला कोण आनंद झाला. नंतर भूक लागली. नुसती जेवायची वेळ झाली म्हणून जेवणं वेगळं आणि भूक लागणं वेगळं, हे मी विसरूनच गेले होते. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही, एवढंच त्या दिवशी पानात होतं. मी खात होते आणि अव्वा नुसत्या बघत होत्या.

मे महिन्याच्या अखेरीस, सगळं सोलापूर उन्हानं तापून निघालेलं असताना, दुपारी लसूण सोलता सोलता मला मानेवर काहीतरी ओघळल्यासारखं वाटलं. हात लावला तर ओला. किती महिन्यांनी मला घाम आला होता! मी अव्वांना हाक मारली. त्यांनी माझ्या कपाळावर, मानेवर, पाठीवर हात फिरवून बघितला आणि गॅलरीत जाऊन खाली दुकानात ओरडल्या, "अरं, हिला घाम आला! घाम आला!" यजमान गिऱ्हाईक सोडून दोन दोन पायऱ्या चढत वर आले. मी पदरानं तोंड पुसत होते आणि ती दोघं माझ्याकडे, मूल पहिल्यांदा पाऊल टाकताना बघावं तशी बघत होती. यजमानांनी कोपऱ्यातला पंखा माझ्याकडे वळवला. मी नको म्हणाले नाही.

मध्ये एक वाईट आठवडाही गेला. गोळी पूर्ण केली तेव्हा छाती धडधडायला लागली, हात थरथरायला लागले, उगाच रडू यायचं. डॉक्टरबाईंनी ती पुन्हा थोडी कमी केली आणि मग फारच हळूहळू वाढवली. बरं होणं म्हणजे जिना चढण्यासारखं सरळ असेल असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. आज बरं वाटायचं, उद्या पुन्हा सगळं जड.

आणि माझा राग परत आला. हसण्याच्याही आधी राग आला. शाळा उघडल्यानंतरची गोष्ट. नुकतीच धुतलेली, उन्हात वाळवून आणलेली चादर मी गादीवर घातली होती आणि यजमानांनी तिच्यावर तेलकट पट्ट्यांचं बोचकं आणून ठेवलं. मी बघितलं आणि तोंड सुटलं. हे घर आहे की गोडाऊन, तुम्हाला किती वेळा सांगायचं, तेलाचा डाग निघतो का कधी, अव्वांच्या हातांना सोडा लावून लावून भेगा पडल्यात, तुम्हाला काय त्याचं. सगळं एका दमात. बोलता बोलता बघते तर ते उभे, बोचकं छातीशी धरलेलं, शर्टाला तेल लागतंय आणि चेहऱ्यावर हसू मावत नाही.

"हसताय काय?"

"काही नाही. बोल की. अजून बोल."

आतून अव्वांनी विचारलं, "कोन आलंय रं?"

"तुझी सून आलीय," ते म्हणाले. आणि मग मात्र मलाही हसू आलं, अगदी वेळेवर. हसता हसता मी खाली बसले. उन्हाळ्यात त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी त्यांना तेव्हा दिलं. मी म्हणाले, "तुमचं काही चुकलं नव्हतं." कुठल्या प्रश्नाचं उत्तर, हे त्यांनी विचारलं नाही.

त्या वर्षी नववीला मी तक्ते जरा उशिरानेच काढले. पहिल्या तासाला सगळ्या मुलींना मैदानावर नेलं आणि म्हणाले, झाडापर्यंत पळत जाऊन या. त्या ओरडत पळाल्या, धापा टाकत परत आल्या. मग तिथंच मातीत बसून एकेकीला विचारलं, काय काय झालं? पाय दुखले. दम लागला. छाती धडधडतेय. घाम आला. तोंड लाल झालं. एक म्हणाली, "बाई, सकाळपासून भूक लागली होती, ती कुठं गेली कळत नाही." मी म्हणाले, "पायांनी पळायचं ठरवलं तर बाकीच्यांना कुणी सांगितलं?" मुली विचारात पडल्या. तेवढ्यात मुख्याध्यापिका बाई बाहेर आल्या, "हा कसला तास चाललाय?" "शरीरशास्त्राचा," मी म्हणाले. त्यांनी आम्हाला आत पाठवलं, पण तास झाला होता.

केस सगळ्यात शेवटी आले. दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी अव्वा गॅलरीत बसून माझ्या डोक्याला तेल लावत होत्या. कपाळाच्या कडेनं बोटभर लांबीचे नवे, उभे राहणारे केस आले होते. ते दाबून बसवायचा त्यांचा खटाटोप चालला होता. लेक आत झोपली होती. दिवाळीमुळं माग बंद होते. इतकी शांतता पेठेत वर्षातून एखाद्या वेळीच. तेल लावता लावता त्यांची बोटं माझ्या मानेवरून पुढे आली.

"ती गरंती का काय म्हन्ती ती, कुटं आस्ती गं?"

मी त्यांचा हात धरून कंठाच्या खाली ठेवला. "इथं. आता मी गिळते, बघा हं." मी आवंढा गिळला. त्यांच्या बोटांखाली काहीतरी वर सरकलं आणि खाली आलं. त्यांनी दचकून हात काढला, पुन्हा ठेवला. मग दुसरा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून त्यांनीही गिळून बघितलं.

"माज्या आईचा गळा हितं असा फुगला हुता," त्या म्हणाल्या.

मी वळून बघायला गेले तर त्यांनी माझं डोकं धरून पुढे केलं. "हलू नगं. तेल सांडतंय."

मग केसांतून बोटं फिरवतच त्या सांगत राहिल्या. त्या तेव्हा लहान होत्या. आई भर उन्हाळ्यात अंगणात उन्हात घोंगडं पांघरून बसायची. आवाज पुरुषासारखा झाला होता. भाकरीचा तुकडा हातात दिला तर कितीतरी वेळ तो हातातच राहायचा. "समदे म्हनायचे बाहेरचं हाय. उतारे केले, अंगारे केले. मग येडी म्हनायला लागले. तिला गोठ्याजवळ निजवायचे. तितंच गेली ती." तेलाची वाटी जरा मागं सरकवत त्या म्हणाल्या, "तू चादर घिऊन निजलीस न उनाळ्यात, तवा मला तीच दिसली. पर मी कुनाला बोलले न्हाई. बोललं तर खरं व्हईल, असं वाटायचं."

इतके महिने त्या काय उरात घेऊन माझ्या भाकऱ्या थापत होत्या, ते मला त्या क्षणी कळलं. 

"यव्वा," त्यांनी विचारलं, "ही गोळी तवा हुती का गं?"

मला उत्तर ठाऊक होतं. डॉक्टरबाईंशी गप्पा मारताना मीच एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, हे औषध काही आजकालचं नाही. त्यांच्या आजोबांच्या काळीही जनावरांच्या ग्रंथीची भुकटी करून देत असत, मोठ्या शहरांतून ती मिळायची. त्या गोठ्यापासून रेल्वेनं एका दिवसाच्या वाटेवर कुठंतरी ती असणार.

"नव्हती, अव्वा," मी म्हणाले. "तेव्हा निघालीच नव्हती."

 त्यांची बोटं केसांत तशीच थांबली होती.

"मग आमच्या हातात कायच नव्हतं म्हन की," त्या म्हणाल्या.

"नव्हतं, अव्वा."

त्यांनी केसांचे तीन पेड केले आणि वेणी घालायला घेतली. ती फार घट्ट झाली, कपाळाची कातडी ओढली गेली. मी तशीच बसून राहिले.